सीमेवरचा तोकडा किलोमीटर

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर मी माझ्या सख्ख्या भाच्याला पस्तीस दिवस फसवलं, आणि त्या पस्तीस दिवसांत मला जेवढा आनंद झाला तेवढा त्याआधी कधी झाला नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात लिहायला लाज वाटते. पण झालं तसं झालं.

आधी रस्ता सांगतो. बेळगावातून पश्चिमेला निघालं की हिंडलगा, सुळगा, बाची. बाची संपता संपता कर्नाटक संपतं. मग शिनोळी, पाटणे फाटा, आणि पुढं आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी आणि वेंगुर्ल्याचं बंदर. रेल्वे यायच्या आधी बेळगावला समुद्राकडून जे यायचं ते याच वाटेनं. मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचे. तांदूळ, गूळ, कापूस खाली जायचा. गोऱ्या पलटणी बोटीतून वेंगुर्ल्याला उतरायच्या आणि घाट चढून बेळगावच्या छावणीत यायच्या. बैलांना पाणी मिळावं म्हणून टप्प्याटप्प्यावर विहिरी होत्या, त्यातल्या दोन मी स्वतः बघितल्या आहेत. मग राज्यं नव्यानं आखली गेली आणि सीमेची रेघ या रस्त्यावर आडवी पडली. तेव्हापासून रस्ता एकच असला तरी त्याला मालक दोन. इकडचं डांबर वेगळं, तिकडचं वेगळं. कुणी डोळे बांधून नेलं तरी गाडीच्या आवाजावरून आम्ही राज्य ओळखतो.

हे सगळं मी दरवर्षी नववीच्या वर्गाला सांगतो. मी इथल्याच एका मराठी शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो. या रस्त्याबद्दल आपल्याला कळत नाही असं काही नाही, असा माझा समज होता. पुढचा सगळा घोळ या समजातून झाला.

आमचं घर सीमेच्या अलीकडं, रस्त्याला लागून. भाचा कॉलेजसाठी आमच्याकडं राहायला आला आणि आमचाच झाला. त्याला सैन्यात जायचं होतं. आमच्या भागात पहाटे कुठल्याही रस्त्यावर जा, चार-पाच पोरं पळताना दिसतात, सगळी भरतीची. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत पळायचं. त्यापुढं एक सेकंद गेला तरी बाहेर. भाचा दोनदा बाहेर आला होता. दुसऱ्या वेळी घरी आल्यावर आठवडाभर भिंतीकडं तोंड करून पडून होता. माझी बहीण येळ्ळूरहून आली, त्याच्या डोक्याला तेल लावून निघून गेली. आता लेखी परीक्षा पास झाला होता, मैदानी परीक्षा दिवाळीनंतर होती, आणि वयाच्या अटीमुळं ही शेवटची संधी होती. यात नापास म्हणजे कायमचा नापास.

म्हणून गणपती बसायच्या आधी मी त्याचा सराव हातात घेतला. शाळेचं स्टॉपवॉच आणलं. आणि सोळाशे मीटर मोजून दिले. कसे? दगडांवरून. आमच्या घराजवळ कर्नाटकाचा किलोमीटरचा दगड आहे. तिथून निघायचं, सीमा ओलांडायची, तिकडं महाराष्ट्राचा पहिला दगड लागतो, तो झाला एक किलोमीटर. त्यापुढं दर दोनशे मीटरवर बुटके दगड आहेत, त्यातले तीन मोजायचे. झाले सोळाशे. मी इतकं सहज मोजलं की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

भाचा म्हणाला, "मामा, फोनात साडेचौदाशेच दाखवतंय."

"सीमेवर फोन बावचळतो," मी म्हणालो. आणि ते पटण्यासारखं होतं. रोज सकाळी दोन पावलं पुढं टाकली की आमच्या फोनला संदेश यायचा, महाराष्ट्रात आपले स्वागत आहे. दोन पावलं मागं आलो की कर्नाटकात स्वागत. "सरकारनं पुरलेला दगड खोटा आणि तुझा फोन खरा व्हय रं?"

त्यानं फोन खिशात ठेवला. मास्तरांनी सांगितल्यावर आमच्याकडं पोरं गप्पच बसतात.

सरावाची पद्धत अशी होती. बायको सकाळी फिरायला यायचीच, ती भाच्याबरोबर निघायच्या दगडापाशी थांबायची. मी स्कूटर घेऊन दुसऱ्या टोकाला. तो निघाला की ती मला मिस कॉल द्यायची, मी घड्याळ चालू करायचो. तो माझ्यापाशी पोचला की बंद. शेवटचा बुटका दगड गवतात पार बुडालेला असल्यामुळं पळण्याचा शेवट म्हणजे मीच. मी उभा असेन तिथं शर्यत संपायची.

"हिकडं निघतोय आणि तिकडं पोचतोय," बायको दूधवाल्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. "एवढ्या वर्षांत अख्ख्या गावाला जमलं न्हाय, ते आमचा पोरगा रोज साडेपाच मिन्टांत करतोय."

दूधवाले हसायचे. एक जण तर किटल्या लावलेली मोटारसायकल भाच्याच्या बाजूनं हळूहळू चालवत, "पळ रं, पळ, मागनं कुत्रं यायलंय," म्हणून त्याला पळवायचा.

गणपती विसर्जनानंतर चौथ्या दिवशी भाचा पाच मिनिटं वीस सेकंदांत आला. मी रस्त्याच्या मधोमध स्कूटर सोडून नाचलो. घरी जाऊन जिलेबी आणली, गल्लीत वाटली. बहिणीला फोन केला. "तुझा पोरगा भरती झाला म्हणून समज," असं मी तिला सांगितलं. ती फोनवरच रडायला लागली. तिला काय माहीत, माझं मोजमाप काय लायकीचं आहे ते.

दोन दिवसांनी रस्ता रुंद करायच्या पाहणीसाठी माणसं आली. त्यातला एक चिकोडीकडचा, काठीला सायकलसारखं चाक लावलेलं यंत्र घेऊन रस्ता मोजत होता. मी सवयीप्रमाणं त्याला रस्त्याचा इतिहास सांगायला लागलो. पलटणी, मीठ, विहिरी. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मी म्हणालो, "आमचा हा किलोमीटर दोन राज्यांत आहे बघा, अर्धा हिकडं, अर्धा तिकडं."

"हा किलोमीटर न्हवं, सर," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आमचे दगड बेळगावपासनं मोजत येतात. शेवटचा दगड हा. ह्येच्यापुढं सीमेपर्यंत उरतंय साडेतीनशे मीटर. तिकडचे दगड वेंगुर्ल्यापासनं मोजत येतात. त्यांचा शेवटचा दगड सीमेच्या पलीकडं पाचशेवर. ह्या मधल्या दोन शेपट्या हैत. आटशे पन्नास हुतंय सगळं मिळून."

"पण दोन दगडांत एक किलोमीटर असतो."

"एकाच राज्याच्या दोन दगडांत असतो, सर," असं म्हणून तो चाक फिरवत पुढं गेला.

मी तिथंच उभा. बेळगावची मोजणी बेळगावपासून बरोबर होती, वेंगुर्ल्याची वेंगुर्ल्यापासून बरोबर होती. चुकलो होतो मी एकटा. ज्या सीमेवर जन्म काढला, जी वर्गात फळ्यावर दरवर्षी आखली, ती मोजताना मी विसरलो. भाचा साडेचौदाशे मीटर पळत होता. पाच मिनिटं वीस सेकंदांत साडेचौदाशे, म्हणजे सोळाशेला पावणेसहाच्याही पुढं. तो नापास होता. गल्लीला जिलेबी वाटली होती आणि पोरगा नापास होता.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी ठरवलंही होतं. घरी आलो तर तो अंगणात दोरीवर उड्या मारत होता आणि गुणगुणत होता. वर्षभरात त्याला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मला तो भिंतीकडं तोंड करून पडलेला आठवडा आठवला. मी न सांगताच आत गेलो. खरं सांगायचं तर त्याच्या मनाचा विचार अर्धा होता. गल्लीत तोंड कसं दाखवायचं आणि बहिणीला काय सांगायचं, हा विचार उरलेला अर्धा होता. जास्तच असेल.

मग मला एक युक्ती सुचली. शेवट म्हणजे मी, असं वर लिहिलंच आहे. मग शेवट रोज थोडा पुढं सरकला तर? माझं पाऊल दोन फुटांचं धरलं. रोज सात पावलं. पस्तीस दिवसांत दीडशे मीटर भरून निघतात, आणि त्यानंतरही भरतीला पंधरा दिवस उरतात. पोराला कळणारही नाही. गवत सगळीकडं सारखंच उंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सात पावलं चालून स्कूटर लावायला लागलो. आदल्या दिवसाची खूण म्हणून रस्त्याकडेला एक लहान धोंडा ठेवायचो, आणि सात पावलांनी तो उचलून पुढं न्यायचो. पन्नाशीला आलेला माणूस पहाटेच्या धुक्यात एक धोंडा हातात घेऊन ओठांतल्या ओठांत पावलं मोजत चाललाय, हे बघून शेतात निघालेली एक बाई एकदा थांबली.

"काय देवाचं हाय काय, मास्तर?"

"व्हय," मी म्हणालो. आणखी एक खोटं.

आणि मग तो चमत्कार सुरू झाला. पहिल्या दिवशी भाचा आला, पाच बावीस. दुसऱ्या दिवशी, पाच एकवीस. आठव्या दिवशी, पाच बावीस. पंधराव्या दिवशी, पाच वीस. वेळ जागच्या जागी आणि रस्ता रोज लांब. पोरगा पन्नास मीटर जास्त पळतोय आणि त्याला पत्ताच नाही! सत्तर मीटर! शंभर! परत येताना मी स्कूटरवर मोठ्यानं गायचो. शाळेत पोरांना गृहपाठ द्यायचं विसरायला लागलो. मुख्याध्यापकांनी विचारलं, "सर, लॉटरी लागली काय?" दसऱ्याला सोनं वाटताना मी प्रत्येकाला दोनदा मिठी मारली. बायको म्हणाली, "अवो, त्वांड आवरा जरा. लोक म्हणतील मास्तरांस्नी खूळ लागलं."

पण मी जितका फुलत होतो तितका भाचा सुकत होता.

ते मला दिसत नव्हतं असं नाही. तो घड्याळात बघायचा, मान खाली घालायचा. पहिल्यांदा दुप्पट जोर लावला. मग जेवण कमी केलं, वजन जास्त झालंय म्हणून. मग बूट बदलले. मग एक दिवस अनवाणी पळाला. पाच बावीस. "मामा, महिना झाला," तो म्हणाला, "एक सेकंद खाली येईना. बाकीची पोरं दर आठवड्याला सुधारायलीत." मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "आहे ते टिकव. बास." त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की त्या दिवशी मी गायलो नाही. दुसऱ्या दिवशी मात्र गायलो. मी असा माणूस आहे.

पस्तिसाव्या दिवशी तो पाच बावीसमध्ये आला, रस्त्याकडेला बसला आणि बराच वेळ बसून राहिला. बायकोही मागून चालत येऊन पोचली, तेव्हा तो बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

"उद्यापासनं येत न्हाय मी," तो म्हणाला.

"का रं?"

"शिनोळीच्या कारखान्यात बोललोय. उद्या सकाळच्या पाळीला बोलवलंय. माझी टाकी एवढीच हाय, मामा. घरच्या रस्त्यावर आठ सेकंदं हातात हैत. तिथं हजार पोरांच्या गर्दीत, ढकलाढकलीत ती आठ कुठल्या कुठं जातील. मागल्या दोन्ही टायमाला तेच झालं. तिसऱ्यांदा आईला त्वांड दाखवायचं न्हाय मला."

आणखी एक थाप मारून, आणखी एक "टिकव" म्हणून निभावलं असतं का? मनात तेही आलं. पण त्यानं एक बूट काढून बाजूला ठेवला होता आणि तो उलटा पडला होता. मी त्या उलट्या बुटाकडं बघत सगळं सांगून टाकलं. दगड, दोन शेपट्या, आठशे पन्नास, सात पावलं, धोंडा.

एक ऊस भरलेला ट्रॅक्टर गाणी लावून गेला.

"म्हंजे जिलेबी वाटली तवा मी नापास हुतो," भाचा म्हणाला.

"व्हय."

"आणि तुमास्नी म्हाईत हुतं."

"दोन दिवसांनी कळलं."

"आणि मी जेवत नव्हतो तवा?"

"तवा म्हाईत हुतं."

बायकोनं कपाळाला हात लावला. "आणि हे देवाचं म्हणून धोंडा घिऊन फिरत हुते. ती बाई मला विचारत हुती, मास्तरांनी काय नवस केलाय म्हणून."

भाचा हसला नाही. उठला, एका पायात बूट, एक हातात. "आणि आता? आता मी किती पळतोय?"

"हिशोबानं सोळाशे."

"तुमच्या हिशोबानं?"

बायको भाच्याला म्हणाली, "शाळंत टेप हाय न्हवं? आण जा. ह्यांच्या पावलावर माझा भरवसा न्हाय."

पन्नास मीटरची टेप घेऊन आम्ही निघायच्या दगडापासून मोजायला सुरुवात केली. बायको एक टोक धरून जमिनीवर बसायची, भाचा दुसरं टोक घेऊन पुढं जायचा, मी खडूनं खूण करायचो आणि मोठ्यानं आकडा म्हणायचो. माझ्या आकड्यावर भाचा स्वतःचा आकडा म्हणायचा. सकाळची वर्दळ सुरू झाली होती. सातव्या टेपेला आम्ही बरोब्बर सीमेवर होतो. बेळगावला निघालेल्या लाल बसचा ड्रायव्हर थांबला, खिडकीतून वाकून म्हणाला, "काय मास्तर, सीमा हलवायचा इचार हाय काय? हलवायची तर आमच्या बेळगावच्या डेपोपर्यंत न्या की." मागचा टेंपोवाला ओरडला, "आधी आमाला जाऊ द्या, मग कुठं न्यायची तिथं न्या." बायको टेपेचं टोक सोडायला तयार नव्हती. म्हणाली, "चाकाखाली टेप घेऊ नका, शाळंची हाय." बस टेपेला वळसा घालून गेली. भाच्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, मी बघितलं.

महाराष्ट्राच्या दगडापाशी सतरा टेपा. आठशे पन्नास. चिकोडीकडचा माणूस बरोबर होता. तिथून पुढं नुसते आकडे. सत्तावीस. अठ्ठावीस. गवत बाजूला करून तिसरा बुटका दगड सापडला, एकोणतीस. तीस. एकतीस. भाचा जवळजवळ पळत टेप नेत होता. बत्तीस. सोळाशे.

मी मागं वळून, पुढं बघून माझा धोंडा शोधला. तो आजूबाजूला कुठंच नव्हता.

"मामा," भाचा पुढून ओरडला. तो धोंड्यापाशी उभा होता, बत्तिसाव्या खुणेच्या पुढं. बायकोनं टेप ओढून नेली. बारा मीटर.

माझं पाऊल दोन फुटांचं नव्हतं, थोडं मोठं होतं. आयुष्यात दुसऱ्यांदा मी तोच रस्ता चुकीचा मोजला होता. भाचा सोळाशे बारा मीटर पळत होता, आणि तेही पाच बावीसमध्ये.

त्यानं टेप खाली टाकली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकला, आणि मला वाटलं रडतोय. तो हसत होता. आवाज न करता, अंग हलवत, मग आवाजानं, मग रस्त्याकडेच्या गवतात बसून. बायकोला हसू आवरेना, तीही बसली. मी उभाच. हसायचा अधिकार आपल्याला आहे की नाही ते मला कळेना. शेवटी भाच्यानं माझा हात ओढून मला खाली बसवलं, आणि मग मीही हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी सगळं हसण्याचं नव्हतं.

"मामा, तुमच्यावर इस्वास न्हाय माझा आता," तो मध्येच थांबून म्हणाला. मनापासून म्हणाला. आणि पुन्हा हसायला लागला.

कारखान्यात तो गेला नाही. उरलेले पंधरा दिवस सोळाशेच्या खुणेवर मामी उभी राहायची, घड्याळ मामीच्या हातात. मला निघायच्या दगडापाशी मिस कॉल द्यायचं काम मिळालं. मला बढती मिळाल्यासारखं वाटायचं. दुसऱ्याच दिवशी तो पाच चौदात आला. आपण कुठं पळतोय आणि किती पळतोय ते माहीत असलं की माणूस वेगळाच पळतो. हे कळायला मला एवढा उद्योग करावा लागला.

भरतीच्या दिवशी मी त्याला स्कूटरवरून मैदानापर्यंत सोडलं. आम्ही निघेपर्यंत बहीण येळ्ळूरहून आली नव्हती. तिला मी आदल्या रविवारी जाऊन सगळं कबूल केलं होतं. तिनं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाली, "निकाल लागल्यावर बोलते तुझ्याशी."

मैदानाचं एक फाटक असतं. पळायला पोरांचे गट सोडतात. पास होणारी पोरं रात्रीपर्यंत आतच राहतात, पुढं बीमला लटकायचं, उंची, छाती, डॉक्टर. नापास झालेली पोरं ताबडतोब बाहेर सोडतात. म्हणून बाहेर उभ्या असलेल्या माणसांची नजर फाटकावर आणि मनात एकच, आपला बाहेर येऊ नये.

त्याचा गट आत गेल्यावर मी फाटकासमोर उभा राहिलो. दहा मिनिटांनी फाटक उघडलं. पोरं बाहेर आली, चिखलानं भरलेली, कुणाचा बूट फाटलेला, कुणी बापाच्या गळ्यात पडून रडतंय. मी एकेक चेहरा बघितला. सगळी बाहेर आली आणि फाटक बंद झालं. तो त्यात नव्हता. मला वाटलं, मागं राहिला असेल, चक्कर आली असेल. पुन्हा फाटक उघडलं, पुढचा गट बाहेर. तो नाही. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, "आला न्हाय न्हवं? मग झालं की. आता का थांबलाय?"

तरी मी हललो नाही. दोनदा चुकीचं मोजलेला माणूस मी, एका फाटकाच्या भरवशावर घरी कसा जाणार? तिसरा गट आला. चौथा आला. ऊन चढलं. प्रत्येक वेळी फाटक उघडलं आणि तो आला नाही की आतून अशी उकळी यायची की मला बाजूच्या खांबाला धरून उभं राहावं लागायचं. कुणी आलं नाही म्हणून इतकं हसायला येतं हे मला माहीत नव्हतं.

बायकोचा फोन आला. "आला काय वो?"

"न्हाय आला."

"नीट बघा की."

"चार येळा बघितलं. न्हाय आला."

"तुमच्या बघण्यावर मी—" ती बोलता बोलता थांबली. मागं कुणाचा तरी आवाज आला, बहिणीचा. आम्ही निघाल्यावर ती आमच्या घरी येऊन बसली होती. तिनं फोन घेतला.

"दादा," ती म्हणाली, "घरी यिऊ नगोस. सांजपर्यंत थितंच थांब. मोजत राहा."

मी संध्याकाळपर्यंत तिथं उभा होतो. तो आला नाही.